सुट्टीत मुलांना कुठे न्यायचं?

एप्रिल उजाडला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "मॅडम, सगळे मनाली-काश्मीरला चाललेत. आमचा खिसा तेवढा नाही. मुलं खट्टू होतात."

जळगावचं असंच एक कुटुंब आलं होतं. (ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत.) वडील दुकानात कामाला, आई घरी शिवणकाम करायची. मुलगा दहाचा, मुलगी सातची. आदल्या वर्षी उसने पैसे काढून ते वॉटर पार्कला गेले होते. तरी मुलगा चिडचिडाच.

मी उत्साहाने ठिकाणं सुचवली. ती चूकच होती. मुलांचे वडील, म्हणजे भाऊ, ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हे सगळं माहितीये हो. पण शाळेत सांगायला काय?"

"कोणाला सांगायचंय? त्याला, की तुम्हाला?"

ते गप्प झाले. तिथेच मला धागा सापडला.

पुढच्या वेळी मी मुलाशी एकट्याने बोलले. वॉटर पार्कची मजा विचारली.

"पप्पा सारखे पाकीट पाहत होते."

"मग तुला काय आवडेल?"

बराच वेळ तो चप्पलच्या अंगठ्याशी खेळत बसला. मीही घाई केली नाही. वीस वर्षांत एवढं तरी शिकले आहे. मग म्हणाला, "गच्चीवर पाणी मारायला. पण मम्मी आधीच मारून टाकते. पप्पा येतात तेव्हा सगळं झालेलं असतं."

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. संध्याकाळी गच्ची भिजवल्याशिवाय अंथरूण टाकता येत नाही. आईला ते काम वाटत होतं, मुलाला त्यात वाटा हवा होता. माझं आधीपासून मत आहे की मुलाला करमणुकीपेक्षा आपल्यावाचून घरात काहीतरी अडतंय, ही जाणीव जास्त हवी असते. आजी बाहेर बाकावर बसली होती. तिने एका वाक्यात मला मागे टाकलं: "पोऱ्याले काय पाहिजे, ते पोऱ्यालेच विचारा ना!"

मग बेत मुलांनीच आखला. गच्ची मुलाकडे, तीही पप्पा आल्यावर. रात्री सप्तर्षींच्या शेपटीच्या वळणाने पुढे जात स्वाती आणि चित्रा शोधायच्या. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड घालायच्या दिवशी पहाटे उठून त्यांचं शिजवलेलं पीठ, गरम घाटा, खायचा आणि वाळवणावरचे कावळे हाकलायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजीच्या गावी झोका. सकाळी सहाला मेहरूण तलाव, ऊन चढायच्या आत घरी. अकरा ते पाच बाहेर पडायचं नाही, यावर मी मात्र अडून बसले.

एकच सहल: एसटीने एरंडोल, पांडववाडा आणि पुढे पद्मालय. तिथे डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती शेजारी, समोर कमळांचं तळं. २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं, पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं आधीपासूनच अर्धं. चौघांची अडीच तिकिटं! हा हिशेब मुलाने मांडला. भाऊंनी त्या दिवशी पाकीट त्याच्याच हातात दिलं.

तुम्हीही यादी करण्याआधी मुलांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पहिलं उत्तर बहुधा मित्राकडून ऐकलेलं असतं.

जूनच्या तोंडावर भाऊ आले ते तक्रार घेऊन. "मॅडम, आता धाकटीलाही बादली पाहिजे. रोज भांडण. त्यात आमच्याकडे पाणी रोज येत नाही!"

म्हटलं, अर्धी बादली करा आणि वार वाटून घ्या.