नऊ गोल खाल्ल्यानंतरचा स्टीव्ह कॉपेल

‘मॅनेजर म्हणून कॉपेलने ना लीग जिंकली ना एफए कप, मग जुनी मंडळी त्याचं एवढं नाव का काढतात?’ असं तुम्ही इंग्लिश फुटबॉलमधल्या स्टीव्ह कॉपेलबद्दल विचारलंय. (तिकडे मॅनेजर म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, आणि एफए कप म्हणजे क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा.) मी त्याच जुन्या मंडळींतला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खेळाडू म्हणून तो कोण होता हे थोडक्यात. लिव्हरपूलचा मुलगा, तिथल्याच विद्यापीठात शिकता शिकता ट्रॅनमिअर रोव्हर्सकडून खेळायचा. १९७५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला घेतलं. उजवीकडून अखंड वर-खाली धावणारा विंगर, लागोपाठ २०६ लीग सामने एकही न चुकवता खेळला. इंग्लंडसाठी ४२ सामने. १९८१ च्या नोव्हेंबरात वेम्बलीवर हंगेरीविरुद्ध एका टॅकलमध्ये गुडघा गेला. त्यानंतरही वर्ल्ड कप खेळला, पण गुडघा काही सुधारला नाही आणि २८ व्या वर्षी सगळं संपलं.

त्याच वयात, १९८४ मध्ये, तो क्रिस्टल पॅलेसचा मॅनेजर झाला. क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, खिसा रिकामा. बिगर-लीग, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खालचं फुटबॉल खेळणारा, बाविशीला आलेला इयान राइट त्याने उचलला, जोडीला मार्क ब्राइट आणला, आणि १९८९ मध्ये पॅलेस वर, सर्वोच्च डिव्हिजनमध्ये आलं.

आता मुद्द्याची गोष्ट. १२ सप्टेंबर १९८९, लिव्हरपूलचं मैदान अ‍ॅनफिल्ड. लिव्हरपूल ९, पॅलेस ०. लिव्हरपूलच्या आठ वेगवेगळ्या खेळाडूंनी गोल केले! असा मार खाल्लेला संघ सहसा त्या मोसमात डोकं वर काढत नाही. कॉपेलने भोक कुठे आहे ते पाहिलं आणि बुजवलं. ब्रिस्टल रोव्हर्सकडून नायजेल मार्टिन आणला, दहा लाख पौंड मोजून. एका गोलकीपरसाठी इतकी रक्कम ब्रिटनमध्ये तोवर कुणी मोजली नव्हती. बचावात अँडी थॉर्न आला.

८ एप्रिल १९९०, व्हिला पार्क, एफए कपची उपांत्य फेरी, समोर तेच लिव्हरपूल. राइट जखमी, बाहेर. लिव्हरपूलच्या रशने लवकरच गोल केला. पण पॅलेसने हेरून ठेवलं होतं की फ्री किक आणि कॉर्नरला लिव्हरपूलचा बचाव गडबडतो. चारपैकी तीन गोल तसेच झाले. शेवटचा तर डोळ्यांसमोर आहे: जादा वेळ, कॉर्नर, जवळच्या खांबापाशी थॉर्नने डोक्याने पुढे ढकललेला चेंडू आणि मागे मोकळा असलेला पॅलेसचाच पार्ड्यू. ४-३. मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा अंतिम सामना ३-३ बरोबरीत सुटला, पुन्हा खेळवलेला ०-१ ने गेला. मॅनेजर फर्ग्युसनची युनायटेडमधली पहिली ट्रॉफी ती हीच.

१९९६ मध्ये मँचेस्टर सिटी त्याने ३३ दिवसांत सोडलं. ताण झेपेना, हे त्याने स्वतःच सांगितलं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पुढे रेडिंगमध्ये त्याने कमालच केली: २००५-०६ मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये १०६ गुण, ४६ सामन्यांत फक्त दोन पराभव. त्या संघातला फॉरवर्ड केव्हिन डॉइल तर आयर्लंडच्या कॉर्क सिटीकडून किरकोळ पैशांत आणलेला. पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये आठवा क्रमांक, युरोपीय क्लब स्पर्धेतली जागा एका गुणाने हुकली.

आणि आता आपल्या घरचं, इंडियन सुपर लीगमधलं. १९ नोव्हेंबर २०१६ ला मी अंधेरीच्या मैदानात होतो. मुंबई सिटीने कॉपेलच्या केरळ ब्लास्टर्सला ५-० ने धुतलं, मुंबईच्या फोर्लानची हॅटट्रिक. आम्ही बेभान झालो होतो. माझ्या पुढच्या रांगेतला पिवळ्या टी-शर्टमधला एक मल्याळी मुलगा पाचव्या गोलनंतरही उठून गेला नाही, झेंडा मांडीवर घडी करून बसून राहिला. घरी येताना मला अ‍ॅनफिल्ड आठवलं आणि मी मित्राला म्हटलं, हे लोक संपलेले नाहीत. त्यानंतर लीग टप्प्यात केरळ एकही सामना हरलं नाही. खाल्लेले गोल केलेल्या गोलांपेक्षा जास्त, तरी दुसरा क्रमांक. उपांत्य फेरीत दिल्लीला पेनल्टीवर हरवलं आणि १८ डिसेंबरला कोचीत अंतिम सामना कोलकात्याविरुद्ध पेनल्टीवरच गमावला.