वाचकांचे प्रश्न : डेल्फिनियमची ओळख आणि अभिवृद्धी

प्रश्न : नावाची पट्टी नसलेले एक रोप मी बागेत लावले होते. त्याला आता निळ्या फुलांचा उभा तुरा आला आहे. पाने फार बारीक चिरलेली आहेत. कोणी त्याला लार्कस्पर म्हणतात, कोणी डेल्फिनियम. खात्री कशी करावी?

उत्तर : पानांवरून लार्कस्परचा संशय येणे स्वाभाविक आहे, पण केवळ पानांवर निकाल देऊ नये. उंच वाढणाऱ्या बागायती डेल्फिनियमची पाने पंजासारखी रुंद आणि खोल कातरलेली असतात हे खरे. परंतु डेल्फिनियम ग्रँडिफ्लोरम ही बुटकी जातही बारीक चिरलेल्या पानांची असते आणि तिथेच अनेकांची फसगत होते. म्हणून पूर्ण उमललेले एक फूल खुडून नीट पाहावे. बाहेरची पाच रंगीत दले आपण पाकळ्या समजतो, पण ती संदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दले, असतात आणि त्यांतले वरचे संदल मागच्या बाजूला पोकळ नळीसारखे लांबलेले असते. इथपर्यंत दोन्ही वनस्पती सारख्याच. भेद आहे तो फुलाच्या मध्यभागी. डेल्फिनियममध्ये तिथे चार लहान, सुट्या पाकळ्या असतात. त्या पुष्कळदा पांढऱ्या, तपकिरी किंवा काळ्या असतात आणि खालच्या दोहोंवर बारीक केस असल्यामुळे फुलात मधमाशी शिरून बसली आहे असे वाटते. मागची नळी नखाने उभी चिरली, तर वरच्या दोन पाकळ्यांच्या मध साठवणाऱ्या दोन निमुळत्या नळ्या आत दिसतात. लार्कस्परमध्ये पाकळ्या जुळून एकच पाकळी झालेली असते आणि आतली नळीही एकच निघते.

फुले गळून गेली असली तरी संधी जात नाही. डेल्फिनियमच्या प्रत्येक फुलामागे साधारणपणे तीन लहान शेंगांसारखी फळे एकत्र धरतात, लार्कस्परमध्ये एकच. वर्गीकरणाच्या ताज्या मांडणीत लार्कस्परचाही समावेश डेल्फिनियम प्रजातीतच केला जातो. बागेपुरता मात्र हा भेद जपलाच पाहिजे, कारण लार्कस्पर एका हंगामात आयुष्य संपवते आणि तिची अभिवृद्धी फक्त बियांपासून, शक्यतो जागच्या जागी पेरून करावी लागते. कलमाचे पुढचे सारे उपाय बहुवर्षायू डेल्फिनियमसाठी आहेत.

प्रश्न : गडद निळ्या फुलांच्या उंच डेल्फिनियमचे बी धरून पेरले. निम्म्याहून अधिक बी उगवले नाही आणि जी रोपे वाढली, त्यांना फिकट जांभळी फुले आली. चूक कुठे झाली?

उत्तर : रंगाच्या बाबतीत तुमची काहीच चूक नाही. उंच, भरगच्च तुऱ्याची बहुतेक डेल्फिनियमे एलॅटम गटातील संकरित झाडे आहेत. त्यांच्या बियांतून आलेले प्रत्येक रोप निराळे निघते आणि नाव असलेले वाण बियांपासून जसेच्या तसे कधीच मिळत नाही. पॅसिफिक जायंट यांसारख्या बियांपासून वाढवण्यासाठीच तयार केलेल्या मालिका रंगाला बऱ्याच अंशी धरून राहतात, पण त्यांचेही बी घरी धरत गेल्यास पिढीगणिक गुण ढासळतो.

उगवण कमी होण्याचे कारण बहुधा उष्णता हे असावे. हे बी उबदार जागी ठेवले की त्याची उगवणशक्ती लवकर घटते. म्हणून ते वाळवून हवाबंद डबीत, फ्रीजमध्ये ठेवावे आणि शक्य तितके ताजे पेरावे. पेरताना बियांवर कुंडीतल्या मातीच्या मिश्रणाचा जेमतेम 3 मिलिमीटर थर पसरावा, कारण उगवणीला अंधार मानवतो. तापमान 10 ते 15 अंश सेल्सियसच्या आसपास असावे. 20 अंशांच्या वर गेले की उगवण रोडावते. जुने बी असल्यास ओल्या कागदात गुंडाळून आठवडा-दोन आठवडे फ्रीजमध्ये ठेवल्याने फायदा होतो. साधारण दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. पुढे पाणी जास्त झाले तर कोवळी रोपे जमिनीलगत कुजून आडवी पडतात, म्हणून कुंडी खालून पाणी शोषू द्यावी आणि वारा खेळता ठेवावा.

प्रश्न : आवडता वाण तसाच राखण्यासाठी छाट कलमे केली, पण सगळी कुजली. डेल्फिनियमचे कलम खरोखर होते का?

उत्तर : होते, आणि नावाचा वाण राखण्याचा तोच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. तुम्ही बहुधा वाढलेल्या दांड्याचा तुकडा घेतला असावा. हा दांडा आतून पोकळ असतो; पोकळीत पाणी साचते आणि मुळे फुटण्याआधीच कुजण सुरू होते. वसंताच्या आरंभी बुडख्यातून नवे कोंब वर येतात, तेव्हा ते 7 ते 10 सेंटिमीटर उंच असतानाच कलम घ्यावे. कोंबाभोवतीची माती बोटांनी बाजूला सारावी, कोंब जिथे बुडख्याला चिकटलेला असतो ती जागा उघडी करावी आणि धारदार, स्वच्छ चाकूने त्या जागेचा लहानसा पांढरट भाग बरोबर घेऊन तो कापावा. काप उलटा करून पाहावा : मध्ये छिद्र दिसले तर तो कोंब निःसंकोच टाकून द्यावा, भरीव दिसला तरच ठेवावा. या एका तपासणीवर निम्मे यश अवलंबून आहे, असे माझे मत आहे.

खालची पाने काढून कोंब ओलसर पर्लाइटमध्ये (हलक्या, पांढऱ्या, सच्छिद्र खड्यांत) किंवा धुतलेल्या जाड वाळूत रोवावेत आणि थंड, उजेडाच्या पण थेट उन्हापासून दूरच्या जागी ठेवावेत. कोवळी पाने सुरुवातीला माना टाकतात. त्याने घाबरून पाणी वाढवू नये. मुळे फुटायला बहुधा महिन्याभराचा किंवा थोडा अधिक काळ लागतो. एका झाडावरचे सगळे कोंब मात्र काढू नयेत. तीन-चार दमदार कोंब मूळ झाडाच्या फुलोऱ्यासाठी राखावेत.

प्रश्न : बुडखा विभागून रोपे करता येतील का?

उत्तर : येतील, वसंतात कोंब लहान असताना. बुडख्याचा मधला भाग वयाबरोबर जून आणि पोकळ होतो. तो टाकून कडेचे कोंब मुळांसह घ्यावेत. मोठे काप कुजण्याचा धोका असल्याने, एलॅटम गटासाठी मी कलमालाच पसंती देईन.

प्रश्न : हे झाड विषारी आहे असे ऐकले. घरात लहान मुले आहेत.

उत्तर : ऐकलेले खरे आहे. झाडाच्या सर्व भागांत विषारी अल्कलॉइड असतात. बिया आणि कोवळी वाढ अधिक घातक. कलमे करताना हातमोजे घालावेत, नंतर हात आणि चाकू धुवावेत, आणि बी धरायचे नसेल तर फुलोरा संपताच तुरा कापून टाकावा. हवामान मानवले तर त्याच झाडाला पुन्हा एक लहान बहर येतो.