कम्बाइन होत नसेल तर आधी बॉडी कुठे टेकतात ते बघा

प्लेट, तिच्यावर आडवा पाइप आणि बाजूला दोन रिब (आधाराच्या पट्ट्या). सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये या चार बॉडींवर (सुट्या भागांवर), त्या जोडून एक करायला, कम्बाइन-अ‍ॅड दिलं की झिरो थिकनेसची (कुठेतरी जाडी शून्य होत असल्याची) एरर येते, असा तुमचा प्रश्न आहे. कमांड बरोबर आहे. घोळ पाइपचा आहे.

२० मिमी व्यासाचा पाइप प्लेटवर नुसता ठेवला की तो तिला फक्त एका रेषेत टेकतो. रेषेला जाडी कुठून येणार? त्या एकाच कडेवर चार फेस (पृष्ठभाग) येऊन मिळतात. धड सॉलिडमध्ये दोनच मिळायला हवेत. पाइपच्या स्केचमध्ये प्लेटपासून केंद्राची उंची १० ऐवजी ९.५ मिमी करा. पाइप ०.५ मिमी खाली जाईल, रेषेच्या जागी साधारण ६.२ मिमी रुंदीचा पट्टा येईल आणि अ‍ॅड मुकाट होईल. पाइपची भिंत मात्र ०.५ मिमीपेक्षा जाड हवी, नाहीतर प्लेट आतल्या पोकळीत डोकावेल. उंची बदलणं शक्य नसेल तर पाइपखाली छोटं सॅडल (आधाराचा ठोकळा) काढून ते ‘अप टू सरफेस’ या पर्यायाने पाइपला भिडवा. मी बहुतेक वेळा हेच करतो, म्हणजे मूळ मापांना हात लागत नाही.

रिबचं उलटं असतं. तिथे पूर्ण फेस फेसला टेकला तरी पुरतं, बॉडी एकमेकींत घुसवायची गरज नाही. पण मॉडेल स्टेप फाइलमधून (दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणायच्या फाइलमधून) आलं असेल तर ०.०१ मिमीची फट सुटलेली असू शकते, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सेक्शन व्ह्यू (मॉडेल कापून आतून दाखवणारं दृश्य) लावून मेझरने अंतर तपासा. फट निघाली तर मूव्ह फेसने रिब पुढे सरकवा. एखादी बॉडी कम्बाइनमध्ये निवडताच येत नसेल तर ती सरफेस बॉडी (जाडी नसलेला नुसता पृष्ठभाग) असेल. ती आधी ‘निट’ कमांडने (पृष्ठभाग एकमेकांना शिवून) सॉलिड करावी लागते.

भोकं कम्बाइननंतर पाडा. आधी पाडलेल्या भोकात दुसरी बॉडी शिरत असेल तर अ‍ॅड ते बुजवून टाकतं, आणि एररही येत नाही. शेवटी डावीकडच्या फीचर ट्रीमध्ये (मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत) ‘सॉलिड बॉडीज’पुढे १ दिसतोय ना, एवढं बघा. पुढच्या वेळी एक्सट्रूड करतानाच (स्केच ताणून सॉलिड बनवतानाच) ‘मर्ज रिझल्ट’ची खूण ठेवलीत तर हा व्याप बहुधा होणारच नाही.

दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर, फ्यूजनमध्ये हेच काम कम्बाइनमधलं जॉइन करतं. फ्रीकॅडमध्ये पार्ट वर्कबेंचचं युनियन वापरा. कंपाउंड नको, ते बॉडींची नुसती मोट बांधतं.

आणि पाइप प्रत्यक्षात वेल्ड होणार असेल तर कम्बाइन करूच नका. कट लिस्टमध्ये (कापायच्या तुकड्यांच्या यादीत) पाइपची लांबी वेगळी यायला हवी. एकदा सगळं एक बॉडी झालं की ती ओळ गेलीच.