रॅम्पला दर आहे, दुभाष्याला नाही

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

दिव्यांगांना नाटक बघता यावं म्हणून तू केलेला नाट्यगृहाच्या सोयींचा प्रस्ताव दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा तांबडी पेन्सिल घेऊन. भाषा चांगली आहे, फोटो जरा जास्तच आहेत. तू ८ लाख मागितलेस. त्यातले साडेसहा लाख रॅम्प, रेलिंग आणि स्वच्छतागृहाचे. उरलेल्या दीड लाखापुढे लिहिलंयस, 'सांकेतिक भाषा, ध्वनिवर्णन व इतर', म्हणजे बहिऱ्यांसाठी खुणांचा दुभाषी आणि अंधांसाठी रंगमंचावर काय चाललंय ते कानात सांगणं. या 'व इतर'पाशी मी अडलो ते चहा गार होईपर्यंत.

तू असं का लिहिलंस ते मला कळतं. सरकारी कागदाला बांधकाम ओळखीचं असतं. बांधकामाच्या दरसूचीत काँक्रीटचा घनमीटरचा दर आहे, रेलिंगचा मीटरचा दर आहे. अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद करतो, बिल निघतं, कोनशिला बसते. बहिऱ्या प्रेक्षकासाठी दोन तास हात हलवणारा दुभाषी त्या दरसूचीत कुठेच नाही. त्याचं मोजमाप कसं घ्यायचं ते कुणाला ठाऊक नसतं, म्हणून तो 'इतर'मध्ये जातो आणि काटछाट आली की सगळ्यात आधी तोच उडतो. रॅम्प एकदा झाला की झाला. दुभाषी दर प्रयोगाला लागतो.

तेव्हा पहिलं काम हे कर, बाळ. त्या ओळीचे तुकडे पाड. प्रयोग किती, प्रत्येक प्रयोगाला दुभाषी किती (दोन लागतात, एकट्याचे हात अर्ध्या तासात दमतात), तालमी किती, त्यांचं मानधन, प्रवास, जेवण. ध्वनिवर्णनाचं लेखन वेगळं आणि वाचन वेगळं दाखव, कारण दोन संवादांच्या फटीत बसेल असं वाक्य लिहिणं हे स्वतंत्र काम आहे. हेडफोनचं भाडं निराळं. तीन कोटेशन जोड. कागदावर आकडा दिसला की कारकुनाचाही जीव भांड्यात पडतो.

आता माझीच एक चूक सांगतो, तुला उपयोगी पडेल. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या हौशी संस्थेचं नाटक होतं आणि प्रकाशयोजना माझ्याकडे होती. मूकबधिर शाळेतली तीसेक मुलं बोलावली होती. त्यांच्या एक बाई डाव्या विंगेपाशी उभं राहून खुणा करत होत्या. पहिला अंक झकास झाला. दुसऱ्या अंकाचा शेवट मी मोठ्या हौसेने अंधारात बांधला होता, कोपऱ्यात फक्त एक निळा दिवा. सगळं रहस्य त्या अंधारात उलगडतं, टाळ्याही तिथेच पडतात. पडल्याच. पुढच्या तीन रांगा मात्र नुसत्या बसून होत्या. बाई अंधारात खुणा करत होत्या आणि त्या कुणालाच दिसत नव्हत्या. प्रयोगानंतर एक दहा-बारा वर्षांचा पोरगा माझ्या दिव्यांच्या डिमरपाशी आला. त्याने दोन्ही तळवे स्वतःच्या डोळ्यांवर ठेवले, काढले आणि बोट माझ्याकडे केलं. दुभाषी लागत नव्हता त्याला सांगायला.

दुभाष्यासाठी एक स्वतंत्र स्पॉट, ब्लॅकआउटमध्येही न विझणारा, आणि तो कुठे लावायचा हे तालमीत ठरवायचं. खर्च किती? जवळजवळ काही नाही. पण ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण ती मुलं आम्हाला नाटक बसून झाल्यावर आठवली होती.

रॅम्पला मी नावं ठेवतोय असं समजू नकोस. माझ्या डाव्या पायाला लहानपणापासून आधाराचं कॅलिपर आहे, पायरी म्हणजे काय ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं. पण रॅम्प कर तर नीट कर. उतार एकास बारा. जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब. एका सभागृहात मी तेवढ्याच उंचीला सहा फुटांत बसवलेला रॅम्प पाहिलाय. चढताना देव आठवला, उतरताना दोघांनी धरलं. स्वच्छतागृहाचं दार मोकळं ९० सेंटीमीटर तरी हवं. आणि चाकाच्या खुर्चीची जागा पहिल्या रांगेच्या पुढे, मान वर करून बघायला लावणारी नको. मधल्या एखाद्या रांगेच्या टोकाच्या दोन खुर्च्या काढ आणि शेजारची सोबतीसाठी ठेव. माणूस नाटकाला बायकोबरोबर येतो, तिला चार रांगा मागे कशाला पाठवायचं?

रंगमंचाकडे जाणारी मागची वाट तुझ्या नकाशातच नाही. दिव्यांग माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे प्रेक्षकच येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ काढून वाच. त्यात पहिलाच मुद्दा दिव्यांग कलावंत आणि लेखकांना सुविधा, साहाय्य आणि प्रायोजकत्व देण्याचा आहे, कला दिव्यांगांना सुगम करण्याचा त्यानंतर येतो. आपल्या राज्याचं सांस्कृतिक खातं दिव्यांग बालनाट्य स्पर्धा घेतं, चांगली गोष्ट आहे. पण ती पोरं मोठी झाल्यावर आपल्या तालमीत त्यांना कोण बोलावतं? मेकअपरूम तीन पायऱ्या खाली असेल तर बोलावूनही काय उपयोग?

आता पैसे कुठून, ते. तू निधी दिव्यांग कल्याणाच्या पाच टक्क्यांतून मागितलास. इथे माझं तुझ्याशी अजिबात जमत नाही. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, हा नियम खरा आहे. पण त्या पैशांवर कुणाचा तरी निर्वाह भत्ता अवलंबून असतो, कुणाची तीनचाकी, कुणाचं श्रवणयंत्र. त्यातून नाट्यगृहाचा रॅम्प केलास तर एका अपंगाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढल्यासारखं होईल. कलम २९ मधली जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर आहे, एकट्या दिव्यांग विभागावर नाही. नाट्यगृहाचा पैसा नाट्यगृहाच्या लेखाशीर्षातून माग, प्रयोगाचा सांस्कृतिक खर्चातून. महोत्सवाच्या मंडपाचं, ध्वनिव्यवस्थेचं, वीजबिलाचं कुणी वेगळं दान मागत नाही, ते खर्चातच धरलेलं असतं. दुभाषी त्याच यादीत, वीजबिलाच्या खालच्या ओळीत दिसला पाहिजे.

आपल्याकडे हे सांगणं सोपं जावं. खासबाग मैदानात कुस्ती बघायला कुठेही बस, आखाड्याचा हौदा दिसतो. शाहू महाराजांनी मैदान बांधतानाच शेवटच्या माणसाची नजर हिशेबात धरली होती, 'लांबच्यांसाठी व इतर' असा खर्च मागून टाकला नव्हता. त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे मूळचं १९१५ चं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आख्खं कोल्हापूर रस्त्यावर आलं होतं, मीही होतो आणि रडलो हे कबूल करतो. पुनर्बांधणीसाठी सरकारने कोट्यवधींचा निधी जाहीर केला. अशी कामं निघतात तेव्हाच बोलायचं असतं. भिंत उभी राहायच्या आधी दार रुंद करायला काही पडत नाही. नंतर तेच फोडायला लागतं.

कुणीतरी तुला विचारेलच, "मॅडम, अशी माणसं येतात किती?" तिथे भाषण करू नकोस. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले आणि कायद्यातले प्रकार तेव्हापासून वाढून २१ झालेत, एवढं एका वाक्यात सांग. मग फाइलमधून चाळीस नावांची यादी काढ. आपल्याच शहरातली माणसं, कुठलं नाटक बघायचंय आणि काय लागेल ते प्रत्येकाने स्वतः सांगितलेलं, सहीनिशी किंवा अंगठ्यानिशी. ही यादी करायला तुला महिना लागेल. उचगावला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेपासून सुरुवात कर, नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ पासून उभं केलेलं काम आहे, तिथे तुला प्रेमाने बसवून घेतील आणि तुझ्या नकाशातल्या चुकाही दाखवतील.

कायद्याचा सोटा शेवटी काढायचा, पण तो पिशवीत असू दे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत कधीच उलटून गेलीय. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, बंधनकारक करावे लागतील. निकालाची प्रत सोबत ने. टेबलावर आपटू नकोस, चहाच्या कपाशेजारी ठेव.

आणि वेळ बघ. मार्चमध्ये उरलेले पैसे मागायला गेलीस तर उरलेलं कामच पदरात पडेल, पुन्हा सहा फुटी रॅम्प. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक थंडीतच शिजायला लागतं. दिवाळी झाली की प्रस्ताव टेबलावर हवा आणि त्यात 'दरवर्षी' हा शब्द हवा.

निधी येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. पुढच्या महिन्यातल्या तुमच्या प्रयोगाला अंध मंडळींना तासभर आधी बोलाव आणि रंगमंचावर ने. खुर्ची, दार, तलवार, शालू, सगळं हाताने बघू दे. प्रत्येक नटाने जवळ येऊन आपल्या पात्राच्या आवाजात एकेक वाक्य बोलायचं. मी एकदा हे केलं तेव्हा एक पेटीवाले आजोबा पडद्याची घडी चाचपून म्हणाले, "मखमल होय? मी चाळीस वर्षं नुसता त्याचा आवाजच ऐकतोय." खर्च चहाचा.

तुझा,
काका

ता. क. गुरुवारी सकाळी दहाला ये, तुमचं सभागृह मोजून टाकू. पंधरा मीटरचा टेप आण, माझा तुटलाय. आणि येताना ती यादीची वही घेऊन ये, पहिलं नाव माझं लिही. मला चाकाची खुर्ची अजून लागत नाही, पण टोकाची जागा लागते.