साच्याला कानस लावण्याआधी

मासेमारीचे जिग (गळाच्या दांड्यावर शिशाचा गोळा ओतून केलेलं आमिष) बनवायचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा घेतला असेल, तर आधी तो आहे तसाच वापरून १५-२० जिग ओता. तो कुठे अडतो हे कळल्याशिवाय कानस उचलू नका.

बहुतेकांची अडचण गळाच्या खाचेत असते. हाताशी असलेल्या गळाचा दांडा जाड असतो आणि साचा पूर्ण मिटत नाही. खाचेत मार्करची शाई लावा, गळ ठेवून साचा हलकेच दाबा. शाई जिथे पुसली जाईल तिथेच बारीक गोल कानस दोन-तीनदा फिरवा आणि पुन्हा बसवून बघा. घाईत खाच रुंद झाली की शिसं दांड्याच्या कडेने बाहेर येतं, आणि गेलेलं अ‍ॅल्युमिनियम परत येत नाही.

पहिले काही जिग अर्धवट भरले तर घाबरू नका, साचा अजून थंड असतो. तापला की भरतील.

या दोन गोष्टींत मात्र तडजोड नको:

- साचा, गळ, पळी सगळं कोरडं ठक्क हवं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. त्याखाली पाण्याचा थेंब अडकला तर वाफ होऊन ते अंगावर उडतं.
- काम मोकळ्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून करा. नंतर हात साबणाने धुवा. शिसं वितळवलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही.

नवे आकार कोरणं, पावडरचा रंग वगैरे नंतर बघू. आधी एक खाच नीट बसवा.