धावणारी म्हणवून घ्यायला किती वेग लागतो?

प्रश्न: मी ४७ वर्षांची, नेरूळला राहते, वाशीला बँकेत नोकरी करते. शुगर वाढायला लागली म्हणून ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेत सकाळी चालू लागले, हळूहळू धावू लागले. आता आठवड्यातून चार दिवस पाचेक किलोमीटर होतात, पण मधे मधे चालावं लागतं. किलोमीटरला नऊ मिनिटं लागतात. पावसाळ्यातही खाडा करत नाही. रात्री शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवते. परवा मैत्रिणीने ऑफिसात "ही आमची रनर" म्हणून ओळख करून दिली, तर दरवर्षी मुंबई मॅरेथॉन धावणारे एक सहकारी म्हणाले, "नऊच्या पेसला रनिंग म्हणत नाहीत." तेव्हापासून मन खट्टू झालंय. मी स्वतःला रनर म्हणावं का?

उत्तर: म्हणा, अगदी निःशंकपणे म्हणा.

माझी सगळी नोकरी ठाण्यात शाळेच्या मैदानावर मुलांना खेळ शिकवण्यात गेली. आता उपवनकडून येऊरचा चढ धावते आणि त्या चढावर भल्याभल्यांना चालताना बघते. शर्यतीत पहिली येऊन पुढे वर्षभर मैदानाकडे न फिरकणारी मुलं मी पाहिली आहेत. शेवटून दुसरी आलेली एक मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हजर असायची. धावणारी म्हणून मला तीच आठवते.

तुमच्या पत्रात मला नऊ मिनिटांपेक्षा ते कागदाचे बोळे मोठे वाटले. आपल्याकडे जुलैत शूज आपोआप वाळत नाहीत. दिवसभर काउंटर सांभाळून, स्वयंपाकघर आवरून, झोप डोळ्यांवर आलेली असताना ओल्या शूजमधले इनसोल काढायचे, कागद कोंबायचा, तो भिजला की बदलायचा, हे कोण करतं? ज्याला उद्या सकाळी धावायचंच आहे तो. तुमचं जेवण, झोप, गजर सगळं त्या सकाळीभोवती फिरतंय. माझ्या लेखी धावपटू असणं ते हेच. उद्या पाय मुरगळून महिनाभर घरी बसावं लागलं, तरी ते जाणार नाही.

मधे चालण्याचंही मनाला लावून घेऊ नका. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनीच धावणं-चालणं आलटून पालटून करायची पद्धत लोकप्रिय केली. त्या पद्धतीने लोक मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पूर्ण करतात.

शिवाय जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला गार पहाटे लागलेल्या वेळेशी आपल्या दमट महिन्यांतला पेस ताडून बघणं मला मुळीच पटत नाही. हवा दमट असली की घाम सुकत नाही, अंग गार होत नाही, ठोके वाढतात आणि तोच वेग जड जातो.

कोणी धावायचं हे दुसऱ्यांनी ठरवायची खोड तशी जुनीच. १९६७ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने, बाई धावतेय म्हणून, त्यांना धरून बाहेर काढायचा प्रयत्न केला. त्यांनी शर्यत पूर्ण केली. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला मात्र १९८४ उजाडलं.

एक काळजी वाटते. त्या शेऱ्याच्या इरेला पडून एकदम वेग वाढवू नका. नडग्या आणि गुडघे तक्रार करतील. धावताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल, एवढाच वेग बहुतेक दिवस ठेवा. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा, जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करा. पाळी जाण्याच्या सुमाराला हाडांची घनता उतरते, तेव्हा हे व्यायाम टाळू नका. आणि शुगरची गोळी सुरू असेल, तर धावण्याआधी काय खायचं ते डॉक्टरांना नक्की विचारा. रिकाम्या पोटी निघू नका, खिशात ग्लुकोज ठेवा.