सील समोर तोडायला सांगा

वाचकांचे प्रश्न. या वेळी विषय मुंबईतल्या जुन्या परमिट रूमचा, म्हणजे बसून दारू प्यायच्या साध्या बारचा. उत्तरं देताहेत राज्य उत्पादन शुल्क विभागातून दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक.

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे आहेत. दर शनिवारी ते आणि त्यांचे तीन मित्र लालबागच्या एका परमिट रूममध्ये बसतात. मागच्या महिन्यात त्यांना आणायला गेले, तर दारातच डांबरगोळ्यांचा वास आला. बाकड्यांचं रेक्झिन फाटलेलं, भिंतीला ओल, पंख्यावर काजळी. म्हणून वाढदिवसाला त्यांना लोअर परळच्या एका छानशा ठिकाणी नेलं, तर तासाभरात ‘चला आता’ म्हणाले. असं काय आहे त्या खुराड्यात?
— एक मुलगी, ठाणे

उत्तर : ताई, डांबरगोळ्यांचा वास आला यात समाधान माना. निदान गोळ्या टाकणारा कोणीतरी आहे! माझं निम्मं आयुष्य असल्या खुराड्यांची रजिस्टरं तपासण्यात गेलं. ज्या ठिकाणी गोळ्याही नसतात तिथे मी रुमाल नाकाला लावून उभ्या उभ्या सह्या केल्या आहेत.

आधी त्या लोअर परळचं बोलू. तिथे गाणी किती मोठ्याने लावली होती? चार म्हाताऱ्यांत एकाला तरी कानाचं यंत्र असणार. त्या यंत्राला गाणं आणि मित्राचा आवाज वेगळा काढता येत नाही. परमिट रूममध्ये आवाज असतो पंख्याचा, नाहीतर आतून भुर्जीच्या तव्याचा. त्यात बोलणं ऐकू येतं. बाबांना तेवढंच हवं असेल.

दुसरी गोष्ट हिशेबाची. तुम्ही नेलंत तिथे दारू ग्लासातून येते. ती कुठल्या बाटलीतून आली, ३० मिली होती की २५, हे देव जाणे. बाबांच्या अड्ड्यावर क्वार्टर मागवतात, म्हणजे १८० मिलीची बंद बाटली. वेटर ती टेबलावर आणतो, लेबल तुमच्याकडे करतो आणि तुमच्यासमोर झाकण पिळतो. सील तुटल्याचा ‘कट्ट’ असा बारीक आवाज येतो. जुनी माणसं तो आवाज येईपर्यंत बोलणं थांबवतात, हे मी पाहिलंय. रिकामी बाटली उचलायची नाही, टेबलाच्या कडेला उभी ठेवायची. बिलाच्या वेळी बाटल्या मोजल्या की भांडण संपलं. मी बुडाला पोचा पाडलेली पेगची मापं जप्त केली आहेत. स्टीलच्या मापाला खालून एक टोला दिला की प्रत्येक पेगला चमचाभर दारू मालकाची. बंद क्वार्टरला असला टोला देता येत नाही. गरीब गिऱ्हाइकाने स्वतःच शोधलेलं हे वजनमाप खातं आहे, आणि आमच्यापेक्षा ते बरं चालतं.

तिसरा तो वेटर. बहुतेक उडुपी-मंगळूरकडचा, नाहीतर आता उत्तरेकडचा पोरगा. उकडलेले चणे न मागता पुन्हा आणतो आणि तिसऱ्या क्वार्टरला ‘काका, बस आता’ म्हणतो. ते म्हणायची त्याला मुभा आहे. तुमच्या लोअर परळच्या पोराला ती नाही, त्याला बिल वाढवायचं असतं.

आता वाईट बाजू, कारण तुम्हीही खोटं बोलत नाही आहात. पोटमाळ्यावर बसू देऊ नका. तिथे एसी लावून दर वाढवलेला असतो, छप्पर डोक्याला लागतं, जिना एकच आणि खाली स्वयंपाकघरात सिलिंडर. असे माळे मी अहवालात लिहिले, लिहून झाले, माळे तसेच राहिले. मोरीपाशी एक ओली पायरी हटकून असते. बाबांना सपाता घालून जाऊ देऊ नका, पट्ट्याच्या सॅंडल घ्या. माझ्या माहितीत दोन खुबे त्या पायरीने मोडले आहेत.

आणि हे ‘जुन्या अड्ड्यांचं प्रेम’ लिहिणारे एक गोष्ट गाळतात. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे गिरणगावातला भाग होता. ८२च्या संपानंतर ज्या थोड्या गिरण्या सुरू होत्या, त्यांच्या पगाराच्या दिवशी बारसमोरच्या फुटपाथवर बायका उभ्या असायच्या. आत यायच्या नाहीत, हाकही मारायच्या नाहीत. नवरा बाहेर आला की आधी त्याच्या खिशाकडे बघायच्या. त्या दिवशी आत फार मजा चाललेली असे.

तुमचे बाबा पेन्शनीतून महिन्याला चार शनिवार बसतात, ही गोष्ट वेगळी. तीही किती दिवस चालेल कोण जाणे. नोव्हेंबर २०२३पासून परमिट रूमवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५मध्ये उत्पादन शुल्क वाढलं आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या क्वार्टरची किमान किंमतच २०५ रुपये झाली, तीही दुकानातली. बारवाल्यांनी १४ जुलैला राज्यभर एक दिवस बंद पाळला, पण दर काही उतरले नाहीत. पुढच्या शनिवारी आणायला जाल तेव्हा अर्धा तास आधी जा. तुम्ही सोडा मागवा.

प्रश्न : परमिट रूम म्हणतात, पण मला आजवर कोणी परमिट मागितलं नाही. ही काय भानगड?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : भानगड जुनी आहे. आपल्याकडे दारूबंदीचा कायदा १९४९चा, आणि तो आजही लागू आहे. मोरारजी देसाईंच्या काळात डॉक्टरचा दाखला आणून, औषध म्हणून दारू लागते असं कागदावर कबूल करून परवाना काढावा लागे. पुढे बंदी सैल झाली, परवाना उरला. प्यायची मुभा परवान्यावर, म्हणून बसायची खोली ती परमिट रूम. आजही एक दिवसाचा परवाना ५ रुपये, वर्षाचा १००, आजन्म १०००. सौम्य बिअरला वय २१ पूर्ण हवं, कडक दारूला २५. विद्यार्थी लिहिलंय तुम्ही, तेव्हा कितवं चालू आहे ते विचारत नाही.

एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं गल्ल्यावर असतात. रात्री हिशेब जुळवताना पोऱ्या ती भरत बसतो. एका ठिकाणी मला सगळी नावं एकाच हस्ताक्षरात सापडली. त्यात पाठोपाठ अकरा आडनावं त्या आठवड्यात खेळत असलेल्या कसोटी संघाची, तीही फलंदाजीच्या क्रमाने. मालकाला विचारलं, तर म्हणाला, “साहेब, बारावा खेळाडू घेतला नाही.”

१००० रुपये भरून आजन्म परवाना काढून ठेवा. घरी बाटली ठेवायलाही तो लागतो.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी, वय २७. जुन्या परमिट रूममध्ये एकदा बसून बघायचंय. जावं का?
— दोघी, गिरगाव

उत्तर : जा. कायदा अडवत नाही. बाहेर पाटीवर ‘फॅमिली रूम’ लिहिलेलं असेल तर वेटर तुम्हाला तिकडे पिटाळेल. तिथे एक कुटुंब आणि खूप डास असतात. खालीच, गल्ल्याच्या जवळ बसा, आणि संध्याकाळी सातच्या आत. लोक पहिली दहा मिनिटं बघतील, मग आपल्या चण्यांकडे वळतील. न वळले तर उठा, पैसे देऊन बाहेर पडा, संकोच नको. बोंबील ताजे असतील तर फ्राय मागवा, शेजवान काही मागवू नका.

बसायच्या आधी बायकांच्या स्वच्छतागृहाचं विचारा. बहुतेक ठिकाणी त्यात सोड्याचे क्रेट रचलेले असतात आणि चावी मालकाच्या खणात असते. ती सापडायला वेळ लागतो.